मंजीला सांगितलेली सतरावी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. ती गेली आणि तिच्याबरोबर सांगण्याची वेळही गेली. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, वाटेत भेटलो तर आपण एकमेकांकडे बघणारही नाही — कदाचित म्हणूनच जीभ सुटतेय.

जीभ. सगळं तिनेच केलं. उचलली आणि लावली टाळ्याला. एक शब्द, बस. मी कुणाला ढकललं नाही, कुणाचं काही चोरलं नाही. निदान तेव्हा मी स्वतःला असंच समजावत होते.

पण आधी आमच्याकडे शिक्षण कसं मोजतात ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला त्या शब्दाचं वजन कळणार नाही. शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे आमचं गाव. तिथे बी.ए., बी.कॉम. असलं काही कुणी म्हणत नसे. शाळा बारावीला संपते हे गावाला मान्यच नव्हतं. बारावीच्या पुढे तेरावी, तेरावीच्या पुढे चौदावी, असं सरळ गणित. डॉक्टर झालेल्यालाही विचारायचे, कितवीला असतोस रे? हसू नका. मला ते गणित अजून आवडतं. कॉलेज म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंच नव्हतं, त्यांनी आपल्या हाताच्या बोटांवर आणून ठेवलं होतं ते.

आणि त्या गणितात मी पंधरावी होते. गावातली पहिली पोरगी पंधरावीला गेलेली. ‘पंधरावी आली’, ‘पंधरावीला विचारा’, ‘पंधरावीकडनं वाचून घ्या’ — माझं शालिनी हे नाव मागेच पडलं. मनीऑर्डरचा कागद असो नाहीतर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, आमच्या ओटीवर यायची. मी मान ताठ करून वाचून दाखवायची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी माझी गत झाली होती, पण मला कोण सांगणार?

आता खरी गोष्ट. पंधरावी मी नापास झाले होते. दोन विषय गेले होते. घरी सांगितलं, निकाल राखून ठेवलाय. युनिव्हर्सिटीचं काम, कधी लागेल सांगता येत नाही. वडिलांना खरं वाटलं. मी रोज एसटीने शहापूरला जायची, लायब्ररीत बसायची, संध्याकाळी परत. पर्समध्ये डबा, हातात वही. कुणी विचारलं तर पुढचा अभ्यास. हे खोटं एवढं रोजचं झालं होतं की ते खोटं आहे हेच मी विसरायला लागले होते. म्हणून तर पुढचं जड गेलं नाही, असं आज वाटतं. पण ही सबब झाली. ती सोडून देते.

मंजी ठाकूरवाडीतली. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला टेकडीवर तिची वाडी. तिची आई आवणीला आमच्याकडे यायची, चिखलात रोपं लावायला, आणि मंजी बांधावर बसून असायची. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन, ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. खळ्यावर काडीने रेघोट्या मारून मी तिला अ आ शिकवलं. दुसऱ्या दिवशी ती सगळी अक्षरं मातीत लिहून माझी वाट बघत बसलेली. मला काय आनंद झाला होता! मीच वडिलांच्या मागे लागले, की हिच्या बापाला सांगा, हिला शाळेत घाल. वडील बोलले म्हणून ती आश्रमशाळेत गेली, तिथून वसतिगृहात, तिथून शहापूरला अकरावी-बारावी. सुट्टीत आली की पहिली आमच्याकडे यायची. ‘शालूताय’ म्हणून हाक मारायची. मी शेजारणींना सांगायची, हिला मी घडवलं.

आणि हे लबाडीचं नव्हतं हो. मला ती खरंच आवडायची. मागून येणारी म्हणून आवडायची, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

नव्वदीच्या दशकातला तो मे महिना. मंजीने बारावीची परीक्षा दिली होती, निकाल जूनमध्ये यायचा होता. ज्या दिवशी मी तो शब्द बोलले त्याच्या आठवडाभर आधी शहापूरच्या स्टँडवर मला शाळेतली एक मैत्रीण भेटली. ती मास्तरीण झाली होती. माझ्याएवढीच, माझ्याहून बावळट म्हणा हवं तर, आणि हातात पगार. मी म्हटलं, अगं पण कशी? ती म्हणाली, बारावीनंतर डी.एड., दोन वर्षं, मार्कांवर नंबर लागतो. दोन वर्षं. म्हणजे चौदावी. मी तीन वर्षं पंधरावीच्या मागे धावून तोंडावर आपटले होते आणि ही चौदावीतच फळ्यापुढे जाऊन उभी होती. मला हे कुणीच कसं सांगितलं नाही? कोण सांगणार? गावात सगळे मलाच विचारायचे.

एसटीत बसल्यावर मनात पहिला विचार काय आला माहीत आहे? मंजीचा. मंजीला मार्क चांगले पडतील. मंजी दोन वर्षांत मास्तरीण होईल. आमच्याच शाळेत येईल कदाचित. आणि आमच्या ओटीवर येणारे कागद टेकडीवर जायला लागतील. माझ्या पोटात दुखायला लागलं. खरंच दुखायला लागलं, म्हणीतलं नव्हे.

तर त्या दिवशी. सकाळचं ऊन तापलेलं, आई आत जात्यावर, मी ओटीवर पुस्तक उघडून बसलेली. ऑक्टोबरला ते दोन विषय द्यायचे होते ना, चोरून. बुधा आला. मंजीचा बाप. आमच्या घरात सगळे त्याला अरे-तुरे करायचे, मीसुद्धा, आणि तो माझ्या वडिलांहून मोठा होता. तो अंगणातच थांबला. ओटीवर चढायचा त्याच्या घरात रिवाज नव्हता आणि आम्ही कधी चढ म्हटलं नव्हतं. मंजी त्याच्या मागे, आंब्याच्या सावलीत.

त्याच्या घरी पाहुणे आले होते. मुरबाडकडच्या वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीतले, मुलगा घेऊन. स्थळ चांगलं होतं, मुलगा कामाचा होता. मंजी म्हणाली होती, मला मास्तरीण व्हायचंय. पाहुण्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं. ते म्हणाले होते, चौदावीपर्यंत आम्ही थांबतो. पण मुली लग्न टाळायला काहीही सांगतात, तेव्हा कुणा जाणत्याला विचारून ये, खरंच चौदावीत भागतं का. शाळेला सुट्टी, मास्तर आपापल्या गावी गेलेले, पाहुण्यांना दुपारची गाडी गाठायची. जाणती कोण? पंधरावी.

“बाय,” बुधा म्हणाला, “मास्तरीन व्हायला कितवी लागते गो? पाव्हणं बोलतात, चौदावीपरेंत थांबू. पुढं नाय.”

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकले असते. मिळाला. पुस्तकात बोट घालून मी ते मिटलं. मंजीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघून हसली, कारण उत्तर तिला ठाऊक होतं आणि मी ते सांगणार याची तिला खात्री होती.

“सतरावी,” मी म्हटलं.

सतरावी कुठून आली? पंधरावीच्या पलीकडचा आकडा हवा होता. सोळावी म्हटलं असतं तर जवळचं वाटलं असतं, पाहुण्यांनी कदाचित मान डोलावलीही असती. सतरावी लांब होती. मी तोलून मापून सांगितली. एवढा विचार मी पंधरावीच्या पेपरात केला असता तर पास झाले असते.

बुधा बोटं मोजायला लागला. तेव्हा मंजी हळूच म्हणाली, “ताय, सर तर चौदावी बोलले व्हते.”

तिथे सुटका होती. ‘हो का? मग माझंच चुकलं असेल’ एवढं म्हणायचं होतं. कुणी मला फासावर देणार नव्हतं. मी म्हटलं, “नियम बदलला. यंदापासून.”

नियम बदलला! आमच्याकडे या दोन शब्दांपुढे कुणाचं काही चालत नाही. रेशनचा नियम बदलतो, जंगलातली मोळी आणायचा नियम बदलतो, दाखल्याचा बदलतो. का बदलला असं बुधाच्या सात पिढ्यांत कुणी विचारलं नव्हतं. त्याने मान हलवली. मंजीनेही हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता — मी अ म्हणजे अ असं सांगितलं तेव्हा तिने जशी मान हलवली होती, तशीच. तिला पहिलं अक्षर मी दिलं होतं. माझ्या तोंडून आलेलं खोटं असेल हे तिच्या ध्यानीमनी कसं येणार?

ती दोघं टेकडी चढून गेली. मी पुस्तक पुन्हा उघडलं. आईने आतून विचारलं, कोण होतं गं? मी म्हटलं, बुधा, सहज.

लग्न लगेच झालं, पावसाआधी. मी आईबरोबर हळदीला गेले. न जाऊन कसं चालेल? मीच घडवलेली ना ती. वाडीत ढोल वाजत होता, बायका नाचत होत्या आणि मंजी हळद लागलेल्या अंगाने दारात बसली होती. मला बघून तिने बाजूला जागा केली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “ताय, तुझी पंधरावी लागली का गो?” मी म्हटलं, लागली. “मग तू तरी हो,” ती म्हणाली.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. पाहुणे वाईट नव्हते, बुधा अडाणी होता पण आडमुठा नव्हता. ढोल थांबवून एक वाक्य बोलायचं होतं. मी तिच्या हातावरची हळद माझ्या हाताला लागली ती पदराला पुसली आणि जेवायला बसले.

जूनमध्ये निकाल लागला. मंजी पास झाली होती, मला बारावीला पडले होते त्याहून कितीतरी जास्त मार्क घेऊन. शहापूरला कळल्यावर मी तो घरी सांगितला नाही, टेकडीवर जाऊनही सांगितला नाही. कुणीतरी सांगितलंच असेल.

पुढचं माझं सगळं नीट झालं. ऑक्टोबरला ते दोन विषय सुटले, बी.एड. झालं, लग्न होऊन मुरबाडला आले. माळशेजच्या रस्त्यावरच्या एका हायस्कूलमध्ये नोकरी लागली. आता मी सोळावी. सतरावी मी स्वतःही कधी शिकले नाही, हे लक्षात घ्या.

मधल्या वर्षांत एकदा आम्ही शिक्षक ट्रेनिंगला ठाण्याला गेलो होतो. एका साहेबांनी तक्ता दाखवला. बारावीनंतरची वर्षं साऱ्या देशातल्या पोरांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला किती येतात, असा म्हणे आकडा काढतात. आणि तो वर्षागणिक चढतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले आणि मी तिथेच बसून राहिले. साऱ्या देशाचं मला काय कळतंय? मला एकीच्या वाट्याची दोन वर्षं ठाऊक होती. ती कुठल्या तक्त्यात दिसत नव्हती.

मग दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, जूनमध्ये, आठवीचे प्रवेश चालू असताना एक बाई मुलीला घेऊन टेबलापुढे उभी राहिली. हाडं वर आलेली, हाताच्या भेगांत लाल माती बसलेली. मी ओळखलं नाही.

“शालूताय, वळखलंस का?”

मंजी. माझ्याहून लहान मंजी, आणि ती मला माझ्या आईच्या वयाची दिसत होती. मी तिला स्टाफरूममध्ये बसवलं, चहा दिला. ती भडाभडा बोलली. दिवाळी झाली की ती माणसं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात, पाऊस लागला की परत येतात. नवरा चांगला आहे. पहिला मुलगा भट्टीवरच तापाने गेला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. हे तिने बशीत चहा ओतता ओतता सांगितलं. भट्टीवर तिला विटा मोजायला लावतात, कारण तिला मोजता येतं. तिथे सगळे तिला ‘बारावी’ म्हणतात. ‘ए बारावी, इकडं ये.’ हे सांगताना ती हसली. मलाही हसावं लागलं.

मग तिने मुलीला पुढे ओढलं. वनिता. आईसारखेच डोळे. भट्टीवर न नेता आजीकडे ठेवून तिला सातवीपर्यंत शिकवली होती.

“हिला मास्तरीन व्हायचंय,” मंजी म्हणाली. “आता कितवी लागते गो? नियम परत बदलला असंल ना?”

मी तिचा कप उचलून बाजूला ठेवला. “चौदावी,” म्हटलं.

मंजीचा चेहरा फुलला. ती मुलीकडे वळली. “बघ! तुझ्या टायमाला चौदावीच झाली. माझ्या टायमाला सतरावी व्हती. तवा या ताईनंच खरं सांगितलं म्हणून बरं. नायतर आमी चौदावीलाच मास्तरीन व्हऊ म्हणून बसलो असतो आन् मधीच लटाकलो असतो.” आणि मुलीला म्हणाली, “पाया पड बाईंच्या.”

वनिता वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते? घेतले असते तर तिने विचारलं असतं, का? आणि त्या ‘का’ला मी घाबरते. मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, खूप शीक.

तेव्हा सांगितलं असतं तर? मंजीचं काय परत आलं असतं? असा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलाय, आणि तो किती सोयीचा आहे हेही मला ठाऊक आहे. खरं एवढंच की मला तिच्या तोंडून निघणारं ‘ताय’ गमवायचं नव्हतं. आधी तिची वर्षं घेतली, आता तिचं प्रेमही ठेवून घेतलं. मंजी त्या दिवशी जाताना माझ्यासाठी रानातली शेवळं ठेवून गेली. शेवळांनी घसा खाजतो म्हणून बरोबर आंबट काकडंही बांधून दिली होती, आठवणीने. मी ती भाजी केली आणि जेवले.

वनिता माझ्या वर्गात बसायला लागली. दुसऱ्या बाकावर, खिडकीशी. त्या पावसाळ्यात एका तासाला मी पोरांना विचारलं, मोठेपणी कोण कोण काय होणार. कुणी पोलीस म्हणालं, कुणी कंडक्टर, कुणी काहीच नाही. वनिता उभी राहिली.

“मी मास्तरीन व्हणार. आमच्या आईच्या टायमाला सतरावी लागायची, म्हणून तिला व्हता नाय आलं. आता चौदावीच लागते.”

पाठीमागून एक पोरगा हसला. म्हणाला, “सतरावी कुठं असते काय? काय पण फेकते!” वर्ग हसला. वनिताचा चेहरा लाल झाला. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्यामागोमाग साऱ्या वर्गाने.

“बाईंना विचारा,” ती म्हणाली. “बाईंनीच सांगितलेलं.”

समोर पोरं होती, तेरा-चौदा वर्षांची. त्यातली कोण कितवीपर्यंत जातील ते माझ्यासारख्याच कुणाच्या तरी शब्दावर ठरणार होतं. माझ्या हातात खडू होता.

“हो,” मी म्हणाले. “तेव्हा लागायची. बस खाली.”

ती बसली. खूश होऊन बसली, कारण तिची आई खरी ठरली होती. मी फळ्याकडे वळले आणि तारीख लिहिली.

ते त्या वर्गात कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. लागत नव्हती. तेव्हाही चौदावीच होती.